बारा भांडी आणि एक फडके : स्पॅनिश शब्दांच्या प्रकल्प नोंदी

४ मार्च २०२४

आजपासून स्पॅनिश शब्दांच्या कामाच्या नोंदी या वहीत ठेवायच्या आहेत. आमच्या कारखान्यात टेरी टॉवेल आणि नॅपकिन विणले जातात. मी तेथे हिशेब आणि निर्यातीची कागदपत्रे पाहते. गेल्या आठवड्यात मेक्सिकोतील एका ग्राहकाने स्वयंपाकघरातील सुती फडक्याचा नमुना मागवला. त्या फडक्यावर जेवणाच्या टेबलावरील रोजच्या १२ वस्तूंची चित्रे आणि प्रत्येक चित्राखाली तिचे स्पॅनिश नाव विणलेले हवे आहे. लहान मुलांना ते फडके पाहून वाचता यावे, अशी त्या ग्राहकाची कल्पना दिसते. छापलेले अक्षर चुकले तर त्यावर दुसरा कागद चिकटवता येतो, परंतु विणलेले अक्षर चुकले की तो सबंध तुकडाच बाद होतो, म्हणून शब्द आधी नीट शिकून घ्या आणि मगच डिझाइन मास्तरांकडे द्या, असे मालकांनी बजावले आहे.

या कामाची सुरुवात माझ्याच चुकीने झाली, हेही लिहून ठेवते. ग्राहकाच्या पहिल्या पत्रात 'सेर्बीयेता' असा शब्द होता. शब्दकोशात त्याचा अर्थ नॅपकिन असा मिळाला आणि मी बिनदिक्कत आमच्या नॅपकिनचे दरपत्रक पाठवून दिले. सोलापुरात नॅपकिन म्हणजे हात-तोंड पुसायचा छोटा टेरी टॉवेल, हे येथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. मेक्सिकोतल्या माणसाला ते ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्याने अतिशय सौजन्याने कळवले की आपण दाखवता ती 'तोआया दे मानो' आहे, म्हणजे हाताचा टॉवेल, आणि सेर्बीयेता ही निराळी वस्तू आहे. तोआया हा शब्द मात्र परका वाटला नाही. त्याचेच पोर्तुगीज भावंड 'तोआल्या' हिंदीत येऊन तौलिया झाले, आणि ज्याला आपण टॉवेल म्हणतो तो इंग्रजी शब्दही त्याच घराण्यातला आहे. ज्या वस्तूवर हे शहर पोट भरते तिचे स्पॅनिश नाव पहिल्याच दिवशी पाठ झाले, एवढीच त्या चुकीची कमाई.

६ मार्च

जुन्या पुस्तकांच्या दुकानातून घेतलेला जाडजूड स्पॅनिश-इंग्रजी कोश उघडला. पहिला शब्द चमच्याचा घ्यायचा ठरवले, कारण तो मला तोंडी माहीत होता : कुचारा. तो कोशात मिळेना. झुरळाचा शब्द 'कुकाराचा' सापडला, त्याच्यापुढे 'कुको' नावाचा पक्षी सापडला, खारे दाणे बांधून देतात तसल्या कागदी पुडीचा 'कुकुरुचो' सापडला, आणि चमच्याचा पत्ता नाही. पाने पुढे उलटल्यावर, 'कुक'ने सुरू होणारे सगळे शब्द संपल्यानंतर, कुचारा एकदाची भेटली.

याचे कारण संध्याकाळी लक्षात आले. स्पॅनिशमध्ये 'सी' आणि 'एच' ही दोन रोमन अक्षरे मिळून 'च' होतो, आणि जुन्या कोशांत या जोडीला स्वतंत्र अक्षराचा मान होता. तिचे शब्द 'सी'चे सर्व शब्द संपल्यावर येत. दोन 'एल' मिळून होणाऱ्या 'य'चीही तीच तऱ्हा होती. १९९४ मध्ये माद्रिद येथे भरलेल्या स्पॅनिश अकादमींच्या अधिवेशनात हा क्रम मोडण्याचे ठरले, आणि २०१० च्या शुद्धलेखन नियमांत या दोन्ही जोड्या वर्णमालेतूनही गेल्या. माझा कोश त्याआधीचा आहे. खरे सांगायचे तर मला जुनी पद्धतच अधिक सरळ वाटते. क, ख, ग वेगळे आणि च वेगळा, हे आपल्याला पहिलीतच शिकवलेले असते.

११ मार्च

भाची नववीत आहे, तिचे अक्षर सुरेख आहे, आणि परीक्षेच्या अभ्यासातून पळ काढायला तिला निमित्त हवेच असते. शब्दांच्या चिठ्ठ्या लिहिण्याचे काम तिला दिले. चिठ्ठीवर चित्र, खाली रोमन अक्षरांत शब्द, त्याखाली देवनागरीत उच्चार, अशी रचना ठरली.

उच्चार लिहिताना आपली देवनागरी किती सोयीची आहे ते कळले. स्पॅनिशमधील 'टी' आणि 'डी' ही अक्षरे आपल्या त आणि द सारखी दातांना जीभ लावून म्हणायची असतात. प्लातो (थाळी), तासा (कप), तेनेदोर (काटा) हे शब्द मराठी माणसाला जन्मतःच म्हणता येतात, पण शाळेत इंग्रजी शिकल्यामुळे आपण प्लाटो आणि टेनेडोर म्हणू लागतो. म्हणजे आधीची एक सवय सोडली की निम्मा उच्चार सुटतो. च च्या बाबतीत मात्र देवनागरीनेच फसवले. भाचीने कुचारा वाचताना 'चमचा' या शब्दातला च लावला. मराठीत च दोन आहेत, चहातला आणि चमच्यातला, आणि लिहिताना दोन्ही सारखेच दिसतात. स्पॅनिशला फक्त चहातला च माहीत आहे. चमच्याचाच शब्द आणि चमच्यातला च तेवढा चालत नाही, यावर ती बराच वेळ हसत होती. चिठ्ठीवर कंसात 'चहा' असे लिहून ठेवले आहे.

उलट बाजूची अडचण पेल्याच्या शब्दाची आहे. उच्चार 'बासो' असा होतो, पण लिहिताना पहिले अक्षर 'व्ही' आहे, 'बी' नाही. स्पॅनिशमध्ये या दोन अक्षरांचे उच्चार एकच आहेत. भाचीने ऐकून लिहिले आणि 'बी' घातला. ही चिठ्ठी तशीच मास्तरांकडे गेली असती तर काय झाले असते, या विचाराने मी रोमन अक्षरांची ओळ यापुढे स्वतःच तपासायची ठरवले आहे.

डॉ. द्वारकानाथ कोटणीस याच शहरात जन्मले, १९३८ मध्ये चीनला गेले आणि रुग्णांशी बोलता यावे म्हणून तेथे चिनी भाषा शिकले. आम्ही १२ भांड्यांपाशी अडखळतो आहोत, हे आईने जेवताना सुनावले.

१५ मार्च

कारखान्यात मार्चअखेरची गडबड. काम झाले नाही. फक्त एक शब्द कानावर पडला, तो लिहून ठेवते : तेनेदोर म्हणजे काटा, आणि 'तेनेदोर दे लिब्रोस' म्हणजे हिशेबनीस. 'तेनेर' या क्रियापदाचा अर्थ जवळ असणे, धरून ठेवणे. काटा घास धरतो आणि हिशेबनीस वह्या धरून बसतो. या महिन्यात तरी ते अगदी खरे आहे.

१९ मार्च

मास्तरांनी चित्रांचा पहिला कच्चा आराखडा आणला. प्लातो म्हणून त्यांनी काढले होते ते आपले ताट : सपाट तळ आणि उभा काठ. कारागिरी उत्तम, पण ग्राहकाला तो ट्रे वाटला असता. प्लातोचा काठ उभा नसतो, तो पसरट आणि किंचित वर उचललेला असतो; आणि सूप वाढायचे असेल तर खोलगट बशीसारखा 'प्लातो ओन्दो' लागतो. 'ओन्दो' म्हणजे खोल. त्यातला पहिला 'एच' लिहायचा असतो, म्हणायचा नसतो. सपाट थाळीला काय म्हणावे यावर स्पॅनिश बोलणाऱ्या देशांत एकमत नाही; स्पेनमध्ये तिला 'प्लातो यानो' म्हणतात आणि अर्जेंटिनात 'प्लातो प्लायो'. आम्ही नुसते प्लातो ठेवले.

पेल्यांनी अधिक वेळ घेतला. आपल्याकडे स्टीलचाही ग्लास असतो. ग्लास म्हणजे काच, हे आपण केव्हाच विसरलो आहोत. स्पॅनिश बासो कशाचाही असू शकतो, काचेचा किंवा प्लास्टिकचा, फक्त त्याला खाली दांडी नसावी. दांडी आली की ती 'कोपा' झाली. मी मास्तरांना कोपा म्हणजे कप असे घाईने सांगितले आणि त्यांनी क्रिकेटच्या सामन्यात मिळतो तसा दोन कानांचा कप काढून आणला. गंमत अशी की तेही चुकीचे नव्हते, कारण फुटबॉलच्या विश्वचषकालाही स्पॅनिशमध्ये कोपाच म्हणतात. मराठीत कप या एका शब्दात चहाचा कप आणि जिंकलेला कप दोन्ही बसतात, पण स्पॅनिशमध्ये चहाचा कप 'तासा' आणि पिण्याचा दांडीचा पेला व जिंकलेले बक्षीस या दोन्ही गोष्टी कोपा. तेव्हा कोपाला नेमका मराठी शब्द आहे चषक. तो पिण्याचाही असतो आणि जिंकण्याचाही. चिठ्ठीवर कप खोडून चषक लिहिले.

तासा या शब्दापाशी मी थोडी रेंगाळले. तो स्पॅनिशमध्ये अरबीतून आला आणि अरबीत फारसी 'तश्त' पासून आला. आपल्याकडे जुन्या घरांत हात धुण्यासाठी ठेवत ते 'तस्त' याच फारसी शब्दाचे. एक शब्द पश्चिमेला जाऊन चहाचा कप झाला आणि दुसरा दक्षिणेला येऊन हात धुवायचे भांडे. मेक्सिकोत 'झेड'चा उच्चार स असा होतो, त्यामुळे दर या अर्थाचा 'तासा' आणि कप या अर्थाचा 'तासा' कानाला एकसारखेच येतात. ग्राहकाच्या पत्रात 'तासा दे काम्ब्यो' होते तेव्हा मी क्षणभर कोणता कप बदलायचा आहे असे समजले. तो चलनाच्या विनिमयाचा दर होता. लिहिताना मात्र दरात 'एस' आणि कपात 'झेड' आहे.

२६ मार्च

धुळवड संपली, भाचीच्या नखांना अजून रंग आहे.

आजचा विषय लिंग. ग्राहकाला नावांआधी 'एल' किंवा 'ला' हवा आहे : पुल्लिंगाला एल, स्त्रीलिंगाला ला. आपल्याकडे तीन लिंगे आहेत, त्यांच्याकडे नामांना दोनच, तेव्हा हे सोपे जाईल असे मला वाटले होते. प्रत्यक्षात येथेच सर्वांत जास्त चुका झाल्या आणि त्या का झाल्या हे शोधायला संध्याकाळ गेली.

मराठी कानाला शेवटचा आ पुरुषासारखा ऐकू येतो. चमचा, काटा, पेला, लोटा, झारा, डबा ही सगळी पुल्लिंगी मंडळी आहेत, आणि ई आली की वाटी, पळी, सुरी, बशी, डबी या स्त्रिया. स्पॅनिशमध्ये ओ पुरुषाचा आणि आ स्त्रीचा. त्यामुळे कुचारा हा शब्द ऐकला की भाची आपोआप 'तो कुचारा' म्हणते आणि एल लावते, आणि कुचारा, तासा, कोपा, हार्रा या चारही शब्दांत ती चुकते. (हार्रा म्हणजे पाण्याचा जग, तिकडचा 'जे' आपल्या ह सारखा म्हणतात, स्पेनमध्ये थोडा अधिक घशातून.) आमच्या १२ शब्दांत स्त्रीलिंगी हे चारच आहेत आणि चारही आ ने संपतात, तेव्हा नियम अगदी सरळ आहे, अडचण नियमाची नाही, आपल्या सवयीची आहे.

शेवटी भाचीनेच युक्ती काढली. तिने मराठीत बोलताना त्या वस्तूंना स्पॅनिश लिंगाने बोलवायला सुरुवात केली. 'ती कुचारा पडली', 'ती तासा धुतली', 'तो कुचीयो कुठे ठेवला?' कुचीयो म्हणजे सुरी, आणि मराठीत ती स्त्री असल्यामुळे तो कुचीयो म्हणताना आईला फार विचित्र वाटते. पण दोन दिवसांत घरात कुणी चुकेनासे झाले.

लहान-मोठेपणाचे प्रत्ययही याच वेळी पाहून घेतले. आपण डब्याची डबी आणि चमच्याची चमची करतो, तसे ते कुचाराची 'कुचारीता' करतात आणि प्लातोचा 'प्लातीतो'. मोठे करायचे असेल तर कुचाराचा 'कुचारोन', म्हणजे आपला डाव, आणि तासाचा 'तासोन', म्हणजे मोठा वाडगा. तासा स्त्रीलिंगी असून तिचा तासोन पुल्लिंगी होतो, हे लक्षात ठेवायचे. कुचीयो दिसायला लहान वाटतो, पण तो आज कशाचेही लघुरूप नाही. चमच्यात मावेल तेवढे ते 'कुचारादा'. आपला चमचाभर हा शब्द याच्या इतका जवळ बसतो की दुसरा शोधावाच लागला नाही.

२ एप्रिल

मास्तर घरी तेलुगू बोलतात, कारखान्यात मराठी, आणि सूतवाल्याशी हिंदी. आज ते ग्राफ पेपर घेऊन माझ्या टेबलाशी बसले आणि चिठ्ठ्यांवर आपल्याही भाषेची एक ओळ असावी असे म्हणाले. फडक्यावर ती जाणार नाही, हे त्यांनाही माहीत आहे. तरी प्लातोपुढे 'कंचम' लिहिले, तासोनपुढे 'गिन्ने', कुचारोनपुढे 'गरिटे'. 'चेंबू' लिहिला तेव्हा मी आपला चंबू त्याच्या शेजारी लिहिला आणि आम्ही दोघेही थोडा वेळ त्या दोन शब्दांकडे पाहत बसलो. बारा चिठ्ठ्यांवर आता तीन भाषा आहेत आणि सोलापुरातल्या कोणत्याही चाळीत त्यात वावगे काही वाटणार नाही.

शेवटच्या शब्दावर आज निर्णय झाला : सालेरो, मिठाचे भांडे. साल म्हणजे मीठ. साखरेचे ते 'आसुकारेरो', सेर्बीयेता ठेवायचे ते 'सेर्बीयेतेरो', चहाची ती 'तेतेरा'. आपल्याकडे हे काम 'दाणी' करते : अत्तरदाणी, गुलाबदाणी, चहादाणी, पिकदाणी. मास्तरांना हे इतके पटले की त्यांनी मीठदाणीचे चित्र ताबडतोब काढले, वरच्या टोपणाला छिद्रे दाखवून, प्रत्येक छिद्र ग्राफच्या एकेका चौकोनात. सालेरोचा दुसरा अर्थ माणसाचा ठसका, बोलण्या-चालण्यातली लज्जत असाही होतो. असा ठसका असलेली एक काकू आमच्या गल्लीत आहे. तिचे नाव येथे लिहीत नाही.

९ एप्रिल, गुढीपाडवा

सुटी असूनही सर्वांत जास्त काम आज झाले, आणि ते टेबलावर नव्हे तर स्वयंपाकघरात झाले.

'पोनेर ला मेसा' याचा अर्थ कोशात टेबल मांडणे असा दिला होता आणि मला तो लाकडी वाटत होता. आज आईने आतून आवाज दिला, 'पानं घ्या गं,' आणि भाची उठताना म्हणाली, 'मावशी, पोनेर ला मेसा म्हणजे हेच की!' आपल्याकडे पाने घ्या म्हटले तरी कुणी केळीची पाने शोधायला जात नाही. ताटे मांडा, पाणी घ्या, मीठ वाढा, एवढे सगळे त्या दोन शब्दांत येते. तिकडेही मेसा म्हणजे टेबल, परंतु मांडायची असतात ती भांडी. तेव्हा चिठ्ठीवर लिहिले : पाने घेणे.

मग आम्ही दोन पाने मांडली. पहिले आपले : वरच्या मध्यभागी मीठ, डाव्या बाजूला लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजव्या बाजूला भाज्या आणि वाट्या, मध्ये वरण-भात आणि पुरणपोळी. दुसरे त्यांचे, हाताशी असलेल्या वस्तूंनी : मध्ये प्लातो, डावीकडे तेनेदोर, उजवीकडे कुचीयो आणि त्याच्या बाहेर कुचारा, कुचीयोची धार प्लातोकडे, वर उजवीकडे बासो आणि कोपा. आपल्याकडे डावे-उजवे पदार्थांचे असते, त्यांच्याकडे अवजारांचे. एवढी उजळणी झाल्यावर बाराही शब्द जागेवरून आठवू लागले. यादीत चौथा शब्द कोणता ते भाचीला सांगता येत नाही, पण प्लातोच्या डावीकडे काय ते विचारले की उत्तर लगेच येते. ग्राहकाला हे सुचवले पाहिजे : चित्रे तीन-तीनच्या चार रांगांत ठेवण्याऐवजी मधला भाग मांडलेल्या पानासारखा करावा.

पाणी वाढताना भाचीच्या हातून काचेचा पेला निसटला. तुकडे गोळा करताना मला त्या भाषेची एक फार जवळची तऱ्हा आठवली आणि मी ती तिथेच सांगितली. स्पॅनिश माणूस अशा वेळी 'मी पेला फोडला' असे सहसा म्हणत नाही, तो म्हणतो, 'से मे रोम्प्यो एल बासो'. त्याची उकल केली तर निघते : पेला आपला आपण फुटला, आणि तो माझ्या बाबतीत फुटला. आपले 'माझ्या हातून पेला फुटला' हे त्याचेच मराठी रूप आहे. कबुली आहे, पण हेतू नाही. तसेच 'मे गुस्ता ला सोपा', म्हणजे मला सूप आवडते. इंग्रजीतून शिकणाऱ्याला हे वाक्य उलटे बसवावे लागते, आपल्याला नाही, कारण आपल्याकडेही आवडणारी वस्तू कर्ता असते आणि माणूस 'ला' लावून बाजूला बसतो. 'फाल्ता उन तेनेदोर', एक काटा कमी आहे, हेही तसेच. या तीन वाक्यांनी मला जेवढा आत्मविश्वास दिला तेवढा महिनाभराच्या चिठ्ठ्यांनी दिला नव्हता.

आईचे म्हणणे असे की कोणत्याही भाषेत म्हणा, पेला गेला तो गेलाच.

१६ एप्रिल

पारा ४० च्या पुढे गेला आहे आणि यंत्रमागांच्या खोलीत उभे राहवत नाही. हार्राच्या चित्रावर काम. पाण्याचा जग काढायचा एवढेच खरे, पण मास्तरांनी विचारले की त्यांच्याकडे माठ नसतो का. असतो, तोटीचा असतो. स्पेनमध्ये 'बोतीहो' नावाचे मातीचे भांडे आहे. त्याला पाणी भरायला एक तोंड आणि प्यायला एक अरुंद तोटी असते, अंगाला चकाकीचा लेप नसतो, त्यामुळे पाणी झिरपून बाहेर येते, वाऱ्याने उडते आणि आतले थंड राहते. हे आपल्या माठाचेच तंत्र आहे. आणखी एक काचेचे 'पोर्रोन' म्हणून भांडे असते, त्यातून मद्याची बारीक धार लांबून तोंडात सोडतात. ओठ लावायचे नाहीत. हे ऐकून मास्तरांनी लगेच मान मागे टाकून तांब्याने वरून पाणी पिण्याची नक्कल केली. उष्ट्याचा विचार त्यांच्याकडेही कुणीतरी केलेला दिसतो, असे ते म्हणाले.

बोतीहो आमच्या १२ मध्ये नाही. मोह आवरला.

२३ एप्रिल

ग्राहकाचे उत्तर आले. मांडलेल्या पानाची कल्पना त्याला आवडली. बशीला आम्ही दिलेला 'प्लातीयो' त्याने काढायला सांगितला, कारण मेक्सिकोत त्याचा पहिला अर्थ शिजवलेला पदार्थ असा होतो. त्या जागी प्लातीतो आला. आमच्या कोशाने दिलेला शब्द बरोबर होता, देश वेगळा होता. ट्रेलाही बहुतेक ठिकाणी 'बान्देहा' म्हणतात आणि मेक्सिकोत 'चारोला'. शीतपेयाच्या नळीची तर कमाल आहे : स्पेनमध्ये 'पाहीता', मेक्सिकोत 'पोपोते', चिलीत 'बोम्बीया', अर्जेंटिनात बोम्बीया म्हणजे माते नावाचा काढा ओढायची धातूची नळी, आणि स्पेनमध्ये बोम्बीया म्हणजे विजेचा दिवा. नळी यादीत नाही याचे मला मनापासून समाधान वाटले.

३० एप्रिल

सेर्बीयेता हा शब्द महिनाभर मनात सलत होता. त्याला मराठीत काय लिहावे ते ठरत नव्हते. नॅपकिन लिहिले तर सोलापुरात गोंधळ, रुमाल लिहिला तर तो खिशातला, हातपुसणे लिहिले तर ते मोरीजवळचे. आज ग्राहकाने त्याच्या दुकानातल्या सेर्बीयेतांचे छायाचित्र पाठवले. वेताच्या गोल टोपलीत मक्याच्या तोर्तीया, म्हणजे पातळ पोळ्या, एकावर एक रचलेल्या आहेत आणि त्यांवर भरतकाम केलेले सुती कापड दुमडून झाकलेले आहे, कडा आत खोचलेल्या. त्या टोपलीला 'चिकीविते' म्हणतात. हा शब्द मेक्सिकोच्या मूळच्या नाहुआत्ल भाषेतला आहे. जेवताना तोंड-हात पुसायचे कापड तेही सेर्बीयेताच, पण त्यांच्या घरांत हे झाकायचे कापडही त्याच नावाचे. (स्पेनमध्ये तोर्तीया म्हटले तर अंडी-बटाट्याचे ऑम्लेट पानात येईल, ती निराळीच कथा.)

छायाचित्र आईला दाखवले. ती म्हणाली, 'अगं, हे तर भाकरीचं फडकं.' तिने दुरडीतले फडके उचलून दाखवले. खाली सकाळच्या ज्वारीच्या भाकरी होत्या, मऊ राहाव्यात म्हणून गुंडाळलेल्या. पापुद्रा निघेल अशा कडक भाकरीला ते लागत नाही, ती उघडीच राहते, एवढा फरक तिने स्वतःहून सांगितला. मी कारखान्याच्या कागदांवर इतके दिवस नॅपकिन, रुमाल, टेबल लिनन असे शब्द घासत होते आणि नेमका शब्द आमच्याच दुरडीत होता. चिठ्ठी : सेर्बीयेता, ला, फडके, विशेषतः भाकरीचे. हा तेरावा शब्द मागितलेला नाही, तरी वहीत राहील.

६ मे

नमुना मागावरून उतरला. टेरीत फास उभे राहत असल्यामुळे बारीक अक्षरे फुलून जातात, म्हणून हे फडके साध्या सपाट विणीत, जेकॉर्डवर (चित्रे विणणाऱ्या मागावर) घेतले आहे. पांढऱ्या जमिनीवर निळ्या बाण्याची अक्षरे. चित्रे छान आली आहेत. सालेरोची छिद्रेसुद्धा मोजता येतात.

चूक डोक्यावरच्या ओळीत आहे. वर 'पान्यो दे कोसीना', स्वयंपाकघराचे फडके, असे हवे होते. त्यातील न्य साठी स्पॅनिशमध्ये 'एन'वर एक नागमोडी रेघ असते. पूर्वी नकलनवीस दोन 'एन' एकापुढे एक लिहिण्याऐवजी एकाच्या डोक्यावर दुसरा बारीक करून लिहीत, त्यातून ती रेघ आली. आपल्या अनुस्वाराप्रमाणे तीही डोक्यावर बसून नाकातल्या आवाजाची खूण देते. मास्तरांनी ग्राफवर तिला दोन चौकोनांची उंची दिली होती आणि 'एन'च्या माथ्याशी अंतर ठेवले नव्हते. विणल्यावर रेघ अक्षरात मिसळून गेली आणि शब्द 'पानो' झाला. तासोनच्या 'ओ'वरची, उच्चाराचा जोर दाखवणारी तिरकी रेघ मात्र नीट आली, कारण तिच्या खाली एक चौकोन रिकामा होता. मास्तरांनी काही न बोलता नमुन्याची पट्टी उलट-सुलट करून पाहिली, चष्मा काढला, पुसला, आणि वरची ओळ तीन चौकोन वर उचलायचे ठरवले.

बाद झालेला तुकडा मी मागून घेतला. तो आता दुरडीत आहे.

९ मे

सुधारलेला ग्राफ पाहिला. एक मोकळी रांग, मग नागमोडी रेघ, तीन चौकोन उंच. 'एल' आणि 'ला' पुन्हा एकदा भाचीकडून वाचून घेतले; आठ एल, चार ला, चूक नाही. ग्राहकाने आणखी एक नमुना मागितला आहे, त्यात सहा वाडग्यांचे चित्र असून खाली अनेकवचन 'तासोनेस' हवे आहे. अनेकवचनात जोर तेथेच राहतो पण 'ओ'वरची तिरकी रेघ जाते, हे मास्तरांना सकाळी मागावर जाण्यापूर्वी सांगायचे आहे.